विंडोज बदललं आणि काट्याचं जुनं सॉफ्टवेअर बसलं: धरणगावच्या जिनिंगवाल्या भाऊंना सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. धरणगावजवळ तुमची जिनिंग आहे आणि तिथे दोन कॉम्प्युटर आहेत. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं, ते पुतण्याने गेल्या आठवड्यात जागच्या जागी ११ केलं. वजनकाट्याच्या खोलीतलं विंडोज ७ चं जुनं मशीन काढून तिथे विंडोज ११ चं नवं कोरं मशीन ठेवलं. जुन्याची हार्ड डिस्क कपाटात आहे. आता काट्याचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ऑफिसातलं हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडतं, पण मागच्या कित्येक वर्षांच्या नोंदी त्यात दिसत नाहीत. पावत्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गप्प आहे. मराठीतली जुनी पत्रं आणि करारनामे उघडले की अगम्य इंग्रजी अक्षरं येतात. ज्याने सॉफ्टवेअर लिहून दिलं तो आता हे काम करत नाही. आणि दोघा-तिघांनी सल्ला दिलाय की फॉरमॅट मारा, सगळं नवीन घ्या.

फॉरमॅट मारू नका, निदान आज तरी नाही. जुना प्रोग्रॅम आपण होऊन क्वचितच बिघडतो. तो ज्या आधारावर उभा असतो, तो आधार विंडोज बदलताना सरकतो. कुठे प्रोसेसरची जुनी सोय गेलेली असते, कुठे फोल्डरची परवानगी बदललेली असते, कुठे पोर्टचा नंबर, कुठे नुसता फॉन्ट. तुमच्या चारही तक्रारींत सरकलेला आधार वेगळा आहे. तो ओळखता आला की तीन तक्रारी एका दिवसात मिटण्यासारख्या आहेत. चौथी, म्हणजे काट्याची, थोडी दमवेल.

पहिलं काम घड्याळ बघून करायचं आहे. विंडोज जागेवर बदललं की जुनी आवृत्ती 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात दहा दिवस राहते. तेवढ्या मुदतीत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने 'गो बॅक' करून मागे जाता येतं. दहा दिवस झाले की विंडोज तो फोल्डर स्वतःच पुसून टाकतं. तुमचा आठवडा उलटलाय, म्हणजे हातात दोन-तीन दिवसच आहेत. ही मुदत 'डिझम' या कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मूळचे दहा दिवस संपायच्या आत. कमांड प्रॉम्प्ट वापरायची सवय असलेला कोणी जवळ असेल तर आजच वाढवून घ्या. आणि 'सी ड्राइव्ह भरला' म्हणून कोणी डिस्क क्लीनअप चालवायला बसलं तर 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' या ओळीवर टिक करू देऊ नका.

लगेच मागे जा असं मी म्हणत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी ठेवलेली वाढीव सुरक्षा योजनाही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. परतीची वाट उघडी ठेवायची ती एवढ्यासाठी की मधे काही अडलंच तर काम थांबू नये.

दुसरं काम म्हणजे प्रती. कपाटातली हार्ड डिस्क यूएसबीच्या अ‍ॅडॉप्टरने नव्या मशीनला जोडा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असे अ‍ॅडॉप्टर सहज मिळतात. मग काट्याच्या प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर उचला. बरेच जण फक्त डेटाची फाइल कॉपी करतात आणि बाकीचं सोडून देतात. तसं करू नका. त्या फोल्डरातल्या लहानसहान फाइल्समध्ये पोर्टचा नंबर, प्रिंटरची मांडणी, पावतीचा शेवटचा क्रमांक असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि ते दुसरीकडे कुठेच नसतं. जुन्या डिस्कवरचं 'युझर्स' फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असा संदेश येईल, तिथे 'कंटिन्यू' दाबा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी तिसऱ्याच कॉम्प्युटरवर ठेवा. सगळे प्रयोग प्रतीवरच करायचे. मूळ डिस्क पुन्हा कपाटात.

आता ऑफिसातल्या गायब नोंदी. तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर आधी अडखळत होतं, मग पुतण्याने व्हिडिओ बघून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची टिक मारली, त्यानंतर ते उघडलं, पण आकडे जुनेच दिसतात. भाऊ, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी अख्खं निदान त्यातच आहे. नोंदी गेलेल्या नाहीत. त्या दुसऱ्या खोलीत आहेत.

असं का होतं ते सांगतो. विंडोज एक्सपीच्या काळातले प्रोग्रॅम आपला डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच लिहायचे. त्यानंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोजने साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायला बंदी केली. पण तसं केल्यावर हजारो जुने प्रोग्रॅम बंद पडले असते, म्हणून एक चोरवाट ठेवली. जुना ३२-बिट प्रोग्रॅम (म्हणजे आधीच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला, आताचे ६४-बिट असतात) तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला न सांगता ती फाइल वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरात, 'लोकल'च्या आत, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या जागी ठेवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच लिहितोय. वर्षानुवर्षं तो तिथे लिहीत राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ही चोरवाट प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की बंद होते. मग तो खऱ्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली फाइल उघडतो, म्हणजे सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाची. लॉगिनचं खातं नवीन उघडलं तरी हेच होतं, कारण हे 'व्हर्च्युअलस्टोअर' प्रत्येक खात्याचं वेगळं असतं.

म्हणून आधी ती टिक काढा. मग एक्सप्लोररमध्ये लपवलेली फोल्डरं दाखवायची सोय चालू करून 'व्हर्च्युअलस्टोअर' शोधा. तुमच्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर आत सापडेल, आणि त्यातल्या डेटाच्या फाइलची तारीख अगदी परवाची असेल. तिची प्रत घ्या. 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या जुन्या फाइलचीही घ्या. पुतण्याने टिक मारल्यानंतर काही नव्या नोंदी केल्या असतील तर त्या नोंदी या जुन्या फाइलमध्ये गेल्या आहेत. त्या कागदावर उतरवून पुन्हा भराव्या लागतील. दोन फाइल्स जोडायचा शहाणपणा कोणी करायला गेलं तर करू देऊ नका. आठवडाभराच्या नोंदी हाताने भरणं परवडतं.

यावर पक्का उपाय म्हणजे सॉफ्टवेअरचं फोल्डर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधून काढून थेट सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या छोट्या नावाने ठेवायचं, ताजी डेटा फाइल त्यात टाकायची आणि शॉर्टकट नव्या जागेवरून करायचा. व्हिज्युअल बेसिक ६ या त्या काळच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम आपण ज्या फोल्डरातून सुरू झालो तिथेच डेटा शोधतात, त्यामुळे हलवले तरी चालतात. काहींमध्ये पत्ता आतच पक्का लिहिलेला असतो. ते तक्रार करतील. तेव्हा फोल्डर मूळ जागी ठेवून फक्त त्याच फोल्डरची लिहिण्याची परवानगी वापरकर्त्याला द्यायची.

प्रोग्रॅम आधी अडखळत होता तो बहुधा एखाद्या 'ओसीएक्स' फाइलमुळे. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं, पण त्याचा मुख्य रनटाइम, म्हणजे त्यातले प्रोग्रॅम चालवायला लागणारी मूळ फाइल, विंडोज ११ मध्येही येतो. तक्ते, कॅलेंडर, टूलबार दाखवणाऱ्या जोडफाइल्स मात्र येत नाहीत. 'कॉम्पोनंट करेक्टली रजिस्टर्ड नाही' असा संदेश आला तर त्यात त्या फाइलचं नावच असतं. ती फाइल जुन्या मशीनच्या 'सिस्टिम ३२'मधून घ्यायची, नव्या ६४-बिट विंडोजच्या 'सिस-वॉव-६४'मध्ये ठेवायची आणि तिथल्याच रजिस्टर करणाऱ्या कमांडने नोंदवायची. इथे नावांचा उलटा खेळ आहे. ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम ३२' हे ६४-बिट फाइल्सचं घर आणि 'सिस-वॉव-६४' हे ३२-बिटचं. पोरं इथेच फसतात आणि 'रजिस्टर केलं तरी चालत नाही' म्हणतात. अनोळखी संकेतस्थळावरून सुटी डीएलएल फाइल उतरवू नका. आपल्या जुन्या डिस्कवर ती बहुधा सापडते.

ओडीबीसीचंही, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाशी जोडून देणाऱ्या विंडोजच्या सोयीचंही, तसंच. कंट्रोल पॅनेलमध्ये आता दोन ओडीबीसी दिसतात. ३२-बिट सॉफ्टवेअरचं कनेक्शन ३२-बिटवाल्यातच करायचं. आणि 'डॉट नेट ३.५ हवं' असा संदेश आला तर ते 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मधून चालू होतं. २.० आणि ३.० त्यातच आले.

नोंदी परत दिसल्या की लगेच आनंदाने बिलं फाडायला बसू नका. एक गोष्ट तपासायची आहे, आणि ती मला बाकी सगळ्यांपेक्षा धोकादायक वाटते. नव्या विंडोजमध्ये 'रीजन' अमेरिका असेल तर तारखेत महिना आधी येतो. जुना प्रोग्रॅम तारीख विंडोजच्याच पद्धतीने वाचतो. तुम्ही ५ एप्रिल म्हणून ०५/०४ टाकता, तो ४ मे समजतो. २५/०४ टाकलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो गुपचूप उलटवून २५ एप्रिलच धरतो. म्हणजे महिन्यातल्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी बिघडतात आणि पुढच्या बरोबर येतात. एकही एरर दिसत नाही. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या खात्यात हा घोळ तिमाही संपेपर्यंत कोणालाच कळला नव्हता. सीएने आकडे जुळेनात म्हणून विचारलं तेव्हा उलगडा झाला. तेव्हा दोन्ही कॉम्प्युटरवर रीजनमध्ये 'इंग्लिश, इंडिया' निवडा, छोट्या तारखेत दिवस आधी येतोय ना ते बघा, आणि विंडोज बदलल्यापासूनच्या सगळ्या नोंदींच्या तारखा एकदा डोळ्यांखालून घाला.

आता काटा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी' असं दिसतंय. फोल्डरातल्या डेटाच्या फाइल्स 'डीबीएफ' आहेत आणि सोबतच्या 'एनटीएक्स'. 'एनटीएक्स' ही क्लिपर या डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमिंगच्या साधनाची इंडेक्स फाइल. म्हणजे हा डॉसचा (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा), १६-बिट प्रोग्रॅम आहे. खात्री करायची तर त्या 'ईएक्सई'ची प्रत काढून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्या कचऱ्यात थोडं पुढे 'पीई' ही दोन रोमन अक्षरं दिसली तर ३२ किंवा ६४-बिट विंडोजचा प्रोग्रॅम, 'एनई' दिसली तर १६-बिट विंडोजचा, आणि दोन्ही नसली तर बहुधा निव्वळ डॉसचा. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

तुमचं जुनं विंडोज ७ हे ३२-बिट होतं. त्यात डॉसचे प्रोग्रॅम चालवायची 'एनटीव्हीडीएम' नावाची यंत्रणा असायची, म्हणून काटा इतकी वर्षं बिनबोभाट चालला. प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत गेला की डॉसच्या प्रोग्रॅमला लागणारी ती जुनी अवस्था त्याला देता येत नाही, आणि ६४-बिट विंडोजमध्ये ती यंत्रणा ठेवलेलीच नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती तरी मिळायची. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. म्हणून प्रॉपर्टीजमधल्या 'कम्पॅटिबिलिटी'च्या पानावर जाऊन एक्सपी निवडा, विंडोज ९५ निवडा, काही उपयोग नाही. ते पान प्रोग्रॅमला 'मी जुनं विंडोज आहे' एवढंच सांगतं आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतं. नसलेली यंत्रणा ते आणू शकत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीतही ते निरुपयोगी आहे, कारण ६४-बिट विंडोजला ६४-बिटचा, सही असलेलाच ड्रायव्हर लागतो.

एक अपवाद लक्षात असू द्या, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. १९९० च्या दशकातले काही प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट असतात, फक्त त्यांचा 'सेटअप' १६-बिट असतो. सीडी घातली की 'चालत नाही' असं येतं आणि लोक आशा सोडतात. अशा वेळी जुन्या मशीनवरचं बसवलेलं फोल्डर उचलून आणलं आणि राहिलेल्या फाइल्स रजिस्टर केल्या, तर तो बऱ्याचदा चालून जातो.

तुमच्या काट्यासाठी तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे नव्या विंडोजवर डॉसचं आभासी मशीन चालवणारा एमुलेटर. डॉसबॉक्स सगळ्यांना माहीत आहे, पण तो मुळात खेळांसाठी बनवलेला. कामाच्या प्रोग्रॅमसाठी व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स बरे, कारण छपाईकडे त्यांनी लक्ष दिलंय. तिन्ही फुकट आहेत. फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता ठेवा. डॉसला लांब नावं कळत नाहीत. डेटा त्या फोल्डरातच राहतो, त्यामुळे रोजची प्रत घेणं सोपं जातं. कुणाचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेसच्या साधनात लिहिलेला असेल आणि सुरू होताच 'डिव्हाइड बाय झीरो' म्हणत असेल तर घाबरू नये. नवा प्रोसेसर त्याच्या मोजमापापेक्षा फार वेगवान असल्याने ते होतं. डॉसबॉक्समध्ये वेग कमी केला की तो शांत होतो.

पण काट्याला नुसता प्रोग्रॅम चालून पुरत नाही. इंडिकेटरकडून, म्हणजे वजनाचे आकडे दाखवणाऱ्या काट्याच्या डब्याकडून, वजन यायला हवं. ते येतं सीरियल पोर्टने, आणि नव्या मशीनला मागे तो पोर्ट नाही, म्हणून तुम्ही यूएसबीचा कन्व्हर्टर लावलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे 'फेज्ड आउट सिन्स २०१२' आणि 'सप्लायरला विचारा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसत असेल, किंवा पिवळं चिन्ह असेल, तर त्यात प्रोलिफिकची जुनी पीएल-२३०३ चिप किंवा तिची नक्कल आहे. नवे ड्रायव्हर ती मुद्दाम नाकारतात. त्या कन्व्हर्टरच्या मागे वेळ घालवू नका. एफटीडीआय चिपचा घ्या, थोडा महाग पडेल. त्याहून चांगलं म्हणजे डेस्कटॉपचं झाकण उघडून बघा. ऑफिसच्या बऱ्याच मदरबोर्डवर सीरियल पोर्टच्या पिना आत असतात आणि नुसती पट्टी जोडली की खरा पोर्ट मिळतो. नसेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं सीरियल कार्ड मिळतं.

प्रोग्रॅम चालू करण्याआधी तार तपासा. पुट्टी नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम सीरियलवर उघडा आणि जुन्या मशीनवर जो वेग होता तोच द्या, बहुधा २४०० किंवा ९६०० असेल. काट्यावर कोणाला तरी उभं करा. पडद्यावर आकडे धावायला लागले तर तार, कन्व्हर्टर, इंडिकेटर सगळं ठीक आहे आणि दोष पुढे आहे. आकड्यांऐवजी चित्रविचित्र खुणा आल्या तर वेग किंवा पॅरिटी (आकडे बरोबर आले का ते पडताळायची खूण) चुकली आहे. काहीच आलं नाही तर तार, पोर्ट नाहीतर दोन आणि तीन नंबरच्या पिनांची अदलाबदल बघा. या एका तपासणीने निम्मी वादावादी मिटते. नाहीतर काट्याचा मिस्त्री कॉम्प्युटरला नावं ठेवतो आणि कॉम्प्युटरवाला काट्याला. आणि हो, इंडिकेटरवर वैधमापनचं सील असतं. तारेच्या शोधात कोणाला ते तोडू देऊ नका.

पोर्टचा नंबरही पाहा. डॉसचे आणि जुने विंडोजचे बरेच प्रोग्रॅम कॉम-१ ते कॉम-४ एवढेच पोर्ट ओळखतात, आणि विंडोज नव्या कन्व्हर्टरला कधी कॉम-७ देतं, कधी कॉम-१२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलून कॉम-१ करा. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीच्या भोकात लावला की नंबर पुन्हा बदलू शकतो, म्हणून त्या भोकावर रंगाचा ठिपका द्या आणि काटेवाल्याला दाखवून ठेवा. डॉसबॉक्समध्ये 'डायरेक्टसीरियल' या सेटिंगने हा खरा पोर्ट आतल्या कॉम-१ ला जोडतात. विंडोजने वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवायची सोयही बंद करा, नाहीतर दुपारच्या निवांत वेळेनंतर आलेल्या पहिल्या गाडीचं वजन येणार नाही.

हे सगळं करूनही काटा तासाभराने अडकतो असं दिसलं, तर दुसरी वाट धरा. नव्या मशीनच्या आत जुनं मशीन चालवायचं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीत येतं, होममध्ये नाही. जुनी हार्ड डिस्क जुन्या मशीनला पुन्हा लावून ते सुरू करा आणि मायक्रोसॉफ्टच्याच डिस्क-टू-व्हीएचडी या छोट्या साधनाने चालू विंडोजसकट सगळं एका फाइलमध्ये उतरवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती फाइल लावली की तुमचं विंडोज ७ जसंच्या तसं खिडकीत उघडतं, आणि खरा कॉम पोर्टही त्याला देता येतो. दोन अडचणी येतात. सुरू होतानाच निळा पडदा आला तर डिस्कच्या कंट्रोलरचा प्रकार बदलून बघा. शिवाय विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागेल. मशीनसोबत आलेला परवाना त्याच मशीनपुरता असतो, त्यामुळे वेगळा परवाना लागू शकतो. या आतल्या विंडोज ७ ला इंटरनेट देऊ नका. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे.

आणि तिसरी वाट, जी विक्रेते सांगत नाहीत. जुनं मशीन धड असेल तर ते काट्यावर परत लावा. यात कमीपणा काही नाही. इंटरनेट नाही, बँक नाही, बाहेरचा पेन ड्राइव्ह नाही, फक्त वजन आणि पावती. जीएसटी, ईमेल हे सगळं नव्या मशीनवर. मात्र हार्ड डिस्कची नक्कल एसएसडीवर करून घ्या, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल बदला (तो संपला की तारीख मागे जाते आणि पावत्यांवर चुकीचं वर्ष छापलं जातं), आणि पंखे साफ करा. जिनिंगमधली रुईची तुसं पंख्यात अडकतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना अडकलेला पंखा मशीनचा जीव घेतो. जुन्या आणि नव्या मशीनमध्ये फाइल्स पाठवायच्या तर सामायिक फोल्डर एका दमात जुळणार नाही. विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून एसएमबी-१ ही नेटवर्कवर फाइल्स वाटून घ्यायची जुनी पद्धत बंद असते. विंडोज ७ ला एसएमबी-२ येतं, त्यामुळे ते पासवर्ड असलेलं खातं करून जोडता येतं. एक्सपीचं मशीन असेल तर त्याच्यासाठी एसएमबी-१ उघडू नका. ठरावीक पेन ड्राइव्ह वापरा.

प्रिंटरचं सोपं आहे. डॉसचा प्रोग्रॅम थेट एलपीटी-१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टला अक्षरं ओततो, आणि तुमचा प्रिंटर आता यूएसबीला आहे. व्हीडॉस वापरलंत तर तो छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवू शकतो. ऑफिसातलं सॉफ्टवेअर एलपीटी-१ मागत असेल तर प्रिंटर शेअर करा आणि 'नेट यूज' कमांडने एलपीटी-१ त्या शेअरला कायमचा जोडा. इथेही 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नडतं. अशा जोडण्या साध्या लॉगिनच्या असतात, अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला त्या दिसत नाहीत. एकाच टिकेने तुमच्या घरी किती घोळ घातला बघा.

मराठी पत्रांचं काहीच बिघडलेलं नाही. ती श्री-लिपी, आयएसएम, आकृती अशा, युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी पद्धत येण्याआधीच्या, पद्धतीने टाइप केलेली असणार. त्यात फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसला की संकेत उघडे पडतात. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून ते फॉन्ट नव्या मशीनवर बसवा, पत्रं पूर्ववत दिसतील. नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा. जुन्या पत्रांना कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलंत तर रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. करारनाम्यात 'वर्ष'चं 'वष' झालेलं चालणार नाही. आणि युनिकोडमधली, मंगल फॉन्टची पत्रं वेगळीच दिसत असतील तर कारण निराळं आहे. विंडोज १० पासून मंगल हा पर्यायी फॉन्टसंचात गेला. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतले की तो येतो.

एखादं जुनं पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे. डिजिटल सहीच्या टोकनला नवा ड्रायव्हर त्याच्या कंपनीकडून घ्यावा लागेल.

राहिला प्रश्न नवीन सॉफ्टवेअर घ्यावं का. ऑफिसातल्या हिशोबाला घाई नाही. काट्याचा प्रोग्रॅम मात्र मी या हंगामानंतर बदलेन, कारण वजन हेच तुमचं मूळ कागदपत्र आहे आणि ते एमुलेटरच्या भरवशावर फार वर्षं ठेवू नये. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की कोणताही बदल करायचा नाही. आहे त्या वाटेने हा हंगाम काढा. नवीन घेतलं तरी जुना डेटा वाचता यायला हवा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डीबीएफ फाइल्स लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडतात, त्यातून वर्षवार एक्सेल काढून ठेवा. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक वर्षाच्या खातेवह्या विंडोजमध्येच असलेल्या 'प्रिंट टू पीडीएफ'ने छापून ठेवा.

नवा प्रोग्रॅम लिहून घेताना पैसे ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या: सोर्स कोड तुमच्याकडे राहील, डेटा कधीही एक्सेलमध्ये काढता येईल, आणि तुमचा इंडिकेटर कोणत्या वेगाने व कोणत्या रचनेत वजन पाठवतो याची नोंद तो लिहून देईल. पुट्टीत आकडे धावताना त्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवा, कोणत्याही प्रोग्रॅमरला पहिल्या दिवशी तोच लागेल. तोपर्यंत मला काट्याच्या फोल्डरातल्या फाइल्सची तारखांसकट यादी आणि इंडिकेटरच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेल पाठवा. व्हीडॉसची सेटिंग त्यावरून सांगतो.